शेंदऱ्याचं शेपूट आणि रविवारची धुलाई

प्रश्न: ताई, माझ्याकडे हाफमून (अर्धचंद्रासारख्या शेपटीचा) जातीचा नर फायटर मासा आहे. रंगावरून नाव ठेवलंय शेंदऱ्या. गेल्या पाच महिन्यांत तिसऱ्यांदा त्याचे पर कुजायला लागलेत. आधी शेपटीची कड काळपट होते, मग जुन्या साडीचा पदर विरावा तशी विरत जाते. दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकलं की आठवड्याभरात थांबतं, नवीन पर फुटायला लागतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. स्वच्छतेत मी अजिबात कसूर करत नाही. टाकी सात लिटरची आहे, आत छोटा स्पंज फिल्टर आहे. दर रविवारी शेंदऱ्याला जाळीने काढून मगात ठेवते, सगळं पाणी ओतून देते, खडे, स्पंज, प्लॅस्टिकची झाडं नळाखाली खळखळून धुते, काचा घासते आणि अँटी-क्लोरीन घालून नवं पाणी भरते. पाणी अगदी आरशासारखं असतं. एक लक्षात आलंय, दुखणं दर वेळी बुधवार-गुरुवारीच दिसायला लागतं. निळ्या औषधाने टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉनसुद्धा आता निळं पडलंय. याहून कडक औषध असेल तर सांगा.

उत्तर: कडक औषधं आहेत. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात औषध कमी पडलेलं कुठे दिसलं नाही. दिसला तो बुधवार.

रोगाला वार कळत नाहीत. दुखणं दर वेळी बुधवार-गुरुवारीच डोकं वर काढत असेल, तर रविवारी काहीतरी घडतंय. काय घडतंय ते तुम्हीच लिहिलंय, आणि तेही अभिमानाने. मला तुम्हाला बोलायचं नाही. मीही पहिली दोन वर्षं स्पंज असाच नळाखाली पिळायची, त्यातून निघणारं तपकिरी पाणी बघून मला फार समाधान वाटायचं.

ते तपकिरी म्हणजे निव्वळ घाण नव्हे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो, उरलेले दाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. स्पंजवर राहणारे एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सहन करतो. ही वसाहत नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही अँटी-क्लोरीन घालता ते टाकीत भरायच्या पाण्यात. स्पंज मात्र थेट नळाखाली धरता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जिवाणू मारण्यासाठीच, आणि ते आपलं काम करतं. खडेही धुतले, काचाही घासल्या, म्हणजे वसाहतीला आसरा कुठेच उरला नाही. रविवारी संध्याकाळी तुमची टाकी नवी कोरी असते आणि नव्या टाकीत अमोनिया खाणारं कुणी नसतं. सोमवार, मंगळवार तो साचत जातो. सात लिटर पाण्यात साचायला वेळ लागत नाही. बुधवारी शेपटीची कड काळी.

पाणी आरशासारखं आहे यावर जाऊ नका. अमोनियाला रंग नसतो, आणि परांना इजा होईल इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही. थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट मिळतं, ते घ्या. घरात दुसरं कुठलंही औषध आणण्याआधी ते आणा. अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) खाली. येत्या बुधवारी सकाळी दाणे घालायच्या आधी तपासा. किटचा रंग पिवळ्यावरून हिरव्याकडे सरकलेला दिसला तर मी वर लिहिलेलं सगळं तुम्हाला एका नळीत दिसेल.

आता पर नेमके कुजतात कसे? एरोमोनास, स्यूडोमोनास या जातीचे जिवाणू जवळपास प्रत्येक टाकीत असतात, निरोगी माशाच्या टाकीतही. माशाच्या अंगावर बुळबुळीत आवरण असतं, तोवर ते बाहेरच राहतात. अमोनियाने हे आवरण भाजतं. पराची कड म्हणजे दोन काड्यांमधला अगदी पातळ पडदा, तिथे रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून जिवाणू सुरुवात तिथून करतात. निळं औषध त्यांना काही दिवस दाबतं. पण पाणी तेच राहिलं की पुढच्या खेपेला ते पुन्हा हजर.

त्यात त्या निळ्या औषधाची आणखी एक करामत. ते बहुधा मिथिलीन ब्लू असणार, सिलिकॉन निळं करणारं दुसरं नेहमीचं औषध मला माहीत नाही. ते बुरशीवर चांगलं, पण फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारतं. रविवारच्या धुलाईतून जे काही वाचलं असेल ते या औषधाने गेलं. निळं औषध मुख्य टाकीत कधीच घालायचं नाही, वेगळ्या टबातच वापरायचं.

तेव्हा आता असं करा. चार-पाच लिटरचा साबण न लागलेला टब घ्या. त्यात अँटी-क्लोरीन घातलेलं पाणी, तापमान २६ ते २७ अंश, वर झाकण, पण पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं हवा. फायटर पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. (एवढ्याशा बरणीत तो जगतो तो यामुळेच, आणि म्हणून लोकांना वाटतं त्याला बरणी आवडते. जगतो आणि आवडतं यात फरक आहे.) लिटरला एक ग्रॅम साधं मीठ आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग टबात थोडं थोडं ओता. मिठाचा खडा थेट माशाजवळ पडला तर त्वचा भाजते. दोन दिवस तो नीट खात-फिरत राहिला तर लिटरला दोन ग्रॅमपर्यंत न्या. टबात फिल्टर नाही, म्हणून रोज सगळं पाणी बदलायचं, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि तेवढ्याच मिठाचं. जास्तीत जास्त दहा दिवस. एप्सम सॉल्ट ही वेगळी चीज आहे, ती पोट फुगण्यावर वापरतात, नावात सॉल्ट आहे म्हणून घालू नका.

आणि ती जाळी बाजूला ठेवा. हाफमूनचं शेपूट जाळीच्या गाठींत अडकून चिरतं, आणि तुम्ही दर आठवड्याला दोनदा ते घडवताय. जाळीऐवजी हातातला मग पाण्यात बुडवा, शेंदऱ्या आपणहून आत येईल. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील. प्लॅस्टिकच्या झाडांवरून जुना नायलॉनचा पायमोजा फिरवून बघा. धागा जिथे अडकेल तिथे परही अडकतो. माझ्याकडच्या पाच झाडांपैकी चार या परीक्षेत नापास झाली होती.

शेंदऱ्या टबात असेल तेव्हा मुख्य टाकी बंद करू नका. तिथलं निळं औषध काढायला आठवडाभर फिल्टरमध्ये कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) ठेवा, मग काढून टाका. फिल्टर चालू ठेवा आणि रोज दोन-तीन दाणे रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. ओळखीच्या कुणाकडे वर्षानुवर्षं चालू असलेली निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवूनच आणा. त्याने आठवडे वाचतात. जमत असेल तर याच वेळी टाकी २० लिटरची करा. त्याच माशाचा तोच अमोनिया जवळजवळ तिप्पट पाण्यात पसरतो, चूक सुधारायला तुम्हाला दोन दिवस जास्त मिळतात. हीटर नसेल तर तोही लावा. रात्री पाणी गार, दुपारी कोमट, असं रोज होत राहिलं तर फायटरची प्रतिकारशक्ती खचते.

शेंदऱ्या परत टाकीत गेला की पहिले काही आठवडे एक दिवसाआड तपासणी. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएम दिसलं की त्याच दिवशी तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलायचं. दोन्ही सलग दोन आठवडे शून्य राहिले की मग आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पुरे. खड्यांमधली घाण नळीने ओढून काढा, मासा टाकीतच राहू द्या. आणि स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा दाबायचा. बादलीतलं पाणी चहासारखं झालं की थांबा. स्पंज पांढराशुभ्र निघाला तर तुम्ही जास्त धुतलात.

कडक औषधाचं विचारलंत, तर ते कधी लागतं तेही सांगते. कूज रोज दिसण्याइतकी पुढे सरकत असेल, शेपटीच्या बुंध्यापर्यंत पोचली असेल, बुंधा लाल दिसत असेल, माशाने खाणं सोडलं असेल, तर मिठावर थांबू नका. माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा, तिथे अँटिबायोटिकची गरज असू शकते. पाठीवर खोगिरासारखा फिकट पांढरा पट्टा आला आणि एक-दोन दिवसांत पसरला तर तो वेगळा रोग आहे, कॉलम्नॅरिस, आणि त्यात पाणी गरम केलं तर तो आणखी वेगाने पसरतो. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या मात्र टाकीत नकोत. एरिथ्रोमायसिनसारखं औषध मुख्यतः ज्या गटातल्या जिवाणूंवर चालतं, पर कुजवणारे बहुतेक त्या गटातले नसतात. आणि अर्धवट डोस दोन-तीनदा दिले की उरतात ते चिवट जिवाणूच.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे घाला. माशांच्या पाण्यातून माणसाच्या कातडीला होणारा एक चिवट संसर्ग आहे, बरा व्हायला कित्येक महिने घेतो.

प्रश्न: माझ्या फायटरचं शेपूट रात्री चांगलं होतं, सकाळी मधूनच अर्धगोल गायब. टाकीत तो एकटाच आहे. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य. इतक्या झपाट्याने पर कुजतात का?

उत्तर: कुजत नाहीत. तोच चावतोय.

याच गोष्टीवर मी एकदा तीन आठवडे मिठाचे टब भरले होते. रोज सकाळी नवा घास गेलेला, कड स्वच्छ, काळपटपणा नाही, लाली नाही. मी तरी मीठच घालत राहिले. एका रात्री उशिरा पाणी प्यायला उठले आणि सहज टाकीवर विजेरी मारली. महाराज स्वतःभोवती गोल गोल फिरत होते. कुत्रं शेपटीमागे धावतं तसेच. तिसऱ्या फेरीला शेपूट तोंडात आलं, एक हिसका, आणि तुकडा तळाशी. मग निवांत.

लांब, जड परांच्या नरांमध्ये हे जास्त दिसतं. फिल्टरचा झोत जोरात असेल तर ते ओझं ओढत पोहून तो वैतागतो, झोताच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिवसभर दिसत असेल तर तीन बाजूंना मागून कागद लावा. टाकी रिकामी असेल तर रुंद पानांची झाडं आणि लपायला एखादी जागा द्या. माझ्या माशाचं झोत कमी केल्यावर थांबलं, तुमच्याचं कशाने थांबेल ते एक एक बदल करूनच कळेल. एका दिवशी सगळं बदललंत तर काय लागू पडलं ते समजायचं नाही. पाणी स्वच्छ ठेवा, कारण चावलेल्या जागी कूज शिरू शकते. मीठ आत्ता नको.

प्रश्न: उपचारानंतर फाटलेल्या परांना पारदर्शक, थोडी पांढुरकी किनार आलीय. बुरशी आहे का? पुन्हा औषध सुरू करू?

उत्तर: नको, तो नवा पर आहे. परत येताना आधी प्लॅस्टिकच्या पातळ कागदासारखा पडदा येतो, रंग मागाहून भरतो, कधी आधीपेक्षा थोडा वेगळाच भरतो. बुरशी कापसासारखी फुगीर असते आणि पाण्यात हलते, ही किनार पराला सपाट चिकटलेली असते. टाकीमागून उजेड टाका आणि भिंगातून बघा. किनारीत केसाइतक्या बारीक काड्या सरळ पुढे गेलेल्या दिसल्या तर औषधाची बाटली कपाटात परत ठेवा.