प्रत्यक्षदर्शीची आठवण कच्ची असते, तर कोर्ट तिच्यावर विसंबतं कसं?

तुमच्या काकांनी तीन वर्षांपूर्वी बडोद्याच्या रावपुऱ्यात अपघात पाहिला, आता साक्षीचं समन्स आलंय आणि त्यांना धड आठवत नाही. आठवण बेभरवशाची असेल तर कोर्ट तिच्यावर शिक्षा देतंच कसं, हा तुमचा प्रश्न. मी बडोद्यात फौजदारी वकिली करतो, बहुतेक आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझं पारडं थोडं झुकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

आठवण सरसकट बेभरवशाची नसते. ताजी असताना, कुणी न ढवळता विचारली, तर बऱ्यापैकी कामाची असते. बिघडते ती नंतर. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 चा प्रयोग काकांच्या प्रकरणाला अगदी लागू पडतो. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून वेग विचारला. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी 40 मैलांहून थोडं जास्त. एकमेकींना 'लागल्या' तेव्हा, असं विचारल्यावर 31.8. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले. ज्यांना वेगाचं काही विचारलंच नव्हतं त्या 50 पैकी 6.

आता आपल्याकडचा जबाब बघा. काका म्हणाले असतील, "रिक्षा जरा जोरात होती." जमादार गुजरातीत लिहितो, "पूरझडपे अने गफलतभरी रीते हंकारी", म्हणजे भरधाव आणि निष्काळजीपणे हाकली. अपघाताच्या बहुतेक कागदांत हे ठरलेलं वाक्य असतं. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तोच कागद साक्षीदाराला वाचून दाखवलेला मी कितीदा पाहिलाय. मग पिंजऱ्यात उभं राहून तो बोलतो ते रस्त्यावरचं की व्हरांड्यातलं? त्याचं त्यालाही सांगता येत नाही, आणि तो खोटंही बोलत नसतो.

खरं दुखणं पुढे आहे. कायद्याचा पोलिसांवर विश्वास नाही, आणि त्याला कारणंही आहेत. म्हणून पोलिसांपुढचा जबाब (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 161, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 180) हा पुरावा नाही. त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत. तो वापरायचा मुख्यतः उलटतपासात, विसंगती दाखवायला. पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर सांगितलेलं. ओळख परेडचंही (संशयिताला इतरांबरोबर रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावतात ती) तेच. आरोपीला कोर्टात ओळखणं हा मूळ पुरावा, परेड म्हणजे त्याला नुसता टेकू. संशोधन बरोब्बर उलट सांगतं. पहिल्यांदा ओळखताना साक्षीदार किती ठाम होता याला किंमत आहे, कोर्टातल्या ठामपणाला फारशी नाही. अमेरिकेत 1984 च्या एका बलात्कारासाठी रोनाल्ड कॉटन दहा वर्षं तुरुंगात होता. पीडितेने फोटो बघताना काही मिनिटं घेतली होती, "हाच असावा" म्हणाली होती. नंतरच्या ओळख परेडमध्ये तिने त्यालाच निवडलं आणि पोलिसांनी सांगितलं, फोटोतही हाच निवडला होतात. कोर्टात तिला तिळमात्र शंका उरली नव्हती. 1995 मध्ये डीएनए तपासणीने तो सुटला.

आपली कोर्टं अगदीच भाबडी नाहीत. भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या 1983 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की साक्षीदाराच्या मनात व्हिडिओ टेप चालत नसते, वेळेचे अंदाज हे अंदाजच असतात आणि किरकोळ तफावतींचा बाऊ करू नये. मला हा निकाल पटतो. फक्त 'किरकोळ' म्हणजे काय, हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो (मीही, अर्थातच).

काकांना सांगा, डोळ्यांसमोर आहे तेवढंच बोला. "आठवत नाही" हे शपथेवरचं पूर्ण उत्तर आहे. वेग विचारला तर आकडा ठोकून देऊ नका. स्वतः कुठे उभे होतात, रिक्षा कुठल्या बाजूने आली, मध्ये काही आड येत होतं का, हे जास्त उपयोगाचं. आणि घरच्यांनी रोज जेवताना त्यांच्याकडून उजळणी करून घेऊ नये. जबाबाशी जुळलं नाही तर सरकारी वकील कदाचित त्यांना फितूर ठरवायला निघतील. घाबरू नका, फितूर ठरलेल्या साक्षीदाराची साक्षही सगळीच्या सगळी बाद होत नाही.