मटकीला तार का सुटते? आणि वाचकांचे आणखी तीन प्रश्न

ऐरोली: पाकिटातले नूडल्स आणि तयार ग्रेव्ह्या बंद करून आठवड्यातून चार दिवस उसळ सुरू केली. पण पावसाळ्यात मटकीला वास येतो, तार सुटते. शिवाय मुलांची पोटं फुगतात. काय चुकतं?

बदल फार चांगला आहे, तो सोडू नका. दोन्ही तक्रारी पाण्याच्या आहेत.

एक वाटी मटकीला तीन वाट्या पाणी आणि आठ तास पुरेत. रात्री अकराला भिजत घातली तर सकाळी सातला उपसलीच पाहिजे. गाडी गाठायच्या घाईत ती संध्याकाळपर्यंत पाण्यातच राहिली, तर आंबायला तिथेच सुरुवात होते. उपसल्यावर चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या. मूठभर मटकी दाबून पाहा: तळवा ओलसर व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. घट्ट पुरचुंडी बांधून डब्याचं झाकण लावलं की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही. त्यांची ऊब आणि जुलैची दमट हवा यात जिवाणू वाढतात. ती तार त्यांचीच. त्यापेक्षा चाळणीतच पातळ पसरा, वर ओलं पिळलेलं सुती फडकं टाका. घरी कुणी असेल तर दुपारी, नाहीतर संध्याकाळी आल्याबरोबर एकदा धुवून निथळा. 12 ते 18 तासांत अर्धा सेंटीमीटर मोड येतात, तेवढे पुरेत. वास आलेली मटकी धुवून वाचवू नका, टाकून द्या. मुलांना आणि वयस्करांना कच्चे मोड देऊ नका. मोड येतात त्याच उबेत पोट बिघडवणारे जंतूही वाढतात. फ्रीजमध्ये मोड दोन दिवस टिकतात.

आता पोट फुगण्याचं. कडधान्यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. या साखरा भिजवणाच्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी उसळीत वापरू नका. मोड आल्यावर त्या आणखी कमी होतात. दुसरं कारण अर्धवट शिजणं. छोले दहा तास भिजवून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं हवेतच. दाणा दोन बोटांत चुरडला पाहिजे. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातलं तर दाणा टणकच राहतो, म्हणून आंबट शेवटी. खायचा सोडा टाळा, त्याने ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट होतं.

शिवाय चार दिवस एकदम ही उडी मोठी आहे. मुलांना पहिले दोन आठवडे अर्धी वाटी, तीही मूग किंवा मटकीची. छोले-राजमा नंतर.

घोडबंदर रोड, ठाणे: मुलांच्या डब्यात ‘मल्टीग्रेन’ बिस्किटं आणि ब्राउन ब्रेड देते. हे चालेल ना?

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदाच. नाचणी-ओट्स शेवटाकडे असतील तर ते नावापुरते. ब्राउन ब्रेडचा रंग बऱ्याचदा कॅरामेलचा असतो. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप यांनाही साखरेतच धरा.

मिठाचा हिशेब असा: सोडियमचा आकडा अडीचने गुणा. समजा 70 ग्रॅमच्या नूडल्सच्या पाकिटात 900 मिलिग्रॅम सोडियम आहे, तर मीठ झालं सव्वादोन ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ हवं, मुलांना त्याहून कमी. मात्र छापलेला आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, ते आधी बघा. इथेच बहुतेकांची फसगत होते.

डब्यात भाजणीचं छोटं थालीपीठ, फुटाणे-शेंगदाणे किंवा चुरमुऱ्यांचा कोरडा चिवडा द्या.

कोपरी, ठाणे: वर्षभरापूर्वी घरात मांस, अंडी, दूध सगळं बंद केलं. सासऱ्यांना (68, मधुमेह, मेटफॉर्मिन सुरू) हल्ली पायांना मुंग्या येतात. आहाराचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि हे लांबवू नका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि बी12 या जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. वनस्पतींतून बी12 भरवशाने मिळत नाही. इडली-आंबोळी आंबवलेली असली तरी नाही, स्पिरुलिना या शेवाळातूनही नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यानेही ते कमी होतं. मुंग्या मधुमेहामुळेही येतात, म्हणून अंदाजावर राहू नका. कमतरता बराच काळ राहिली तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. दूधही सोडलेल्या घरात बी12ची गोळी प्रत्येकाला लागते. मात्रा डॉक्टर ठरवतील.

वर्तकनगर, ठाणे: येऊरच्या बायकांकडून शेवळं (पावसाळी रानभाजी) घेतली. भाजीने घसा खाजला. पुन्हा आणावी का?

जरूर आणा. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. हाताला तेल लावून चिरा, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाका. तेलावर चांगली परतून काकडं (आंबट रानफळं) ठेचून त्यांच्या रसात, नाहीतर चिंचेच्या कोळात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. इथे मात्र आंबट आधीच घालायचं. काकडं बहुधा शेवळं विकणाऱ्या बाईच्याच टोपलीत असतात, मागून घ्या.