एनएसएफ फाईलचं एमपी३ कसं करायचं? आणि गाणं लहानपणीपेक्षा जलद का वाजतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जुन्या टीव्ही गेमची एनएसएफ फाईल मिळाली, पण फोन ती घेत नाही. कॉम्प्युटरवर लावली तर गाणं संपतच नाही, आणि धुळ्याला लहानपणी ऐकलेल्यापेक्षा ते जलद वाटतं. तुमचे कान बरोबर आहेत.

एनएसएफमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज नसतो. गेममधला संगीत वाजवणारा प्रोग्रॅम आणि सुरांचा डेटा तेवढा काढून ठेवलेला असतो, म्हणून एका गेमची सगळी गाणी काही किलोबाइटमध्ये मावतात. प्लेअर मूळ चिपची नक्कल करून तो प्रोग्रॅम चालवतो. बहुतेक गाणी गेममध्ये गोल फिरतच राहायची, तशीच इथेही फिरतात. कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं.

आता वेगाचं. गाणं पुढे सरकतं ते टीव्हीच्या चित्राच्या ठेक्यावर. जपान-अमेरिकेत हा ठेका सेकंदाला ६०, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५०. आपण खेळलो ते गेमचे डबे बहुतेक ५० वाले क्लोन, म्हणजे मूळ निन्टेंडो यंत्राच्या नकला, होते. मागच्या उन्हाळ्यात भुसावळला घरी माळ्यावरून माझा डबा काढला, काडतूस फुंकून लावलं आणि मोबाईलवर वेळ मोजली. फाईलमध्ये ५० सेकंदांत संपणारी फेरी डब्यावर पूर्ण एक मिनिट चालली. सूर मात्र जवळजवळ तोच, कारण चिपचं घड्याळ दोन्हीकडे साधारण सारखंच आहे, फरक एक टक्क्याच्या आत. म्हणून तयार फाईल एडिटरमध्ये नुसती हळू करू नका, सूर खाली बसेल.

विंडोजवर एनएसएफप्ले नावाचा प्लेअर घ्या. त्यात रीजन 'डेंडी' निवडा. तो या ५० वाल्या क्लोनचाच प्रकार. काही क्लोन चिपांत चौकोनी लहरींच्या दोन रुंदी उलटसुलट झालेल्या असायच्या, त्यामुळे मुख्य चाल वेगळ्याच आवाजात यायची. ड्यूटी, म्हणजे ही रुंदी, अदलाबदलीचा पर्यायही प्लेअरमध्ये आहे. दोन्ही करून ऐका, तुमच्या आठवणीतला आवाज लगेच ओळखू येईल. मला तर पहिल्या चार सुरांतच कळलं, आणि अंगावर काटा आला.

मग दोन फेऱ्या आणि शेवटी पाच-सात सेकंदांचा फेड (आवाज हळूहळू विरणं) एवढी लांबी धरून वेव्ह फाईल बनवा. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट. मूळ आवाज मोनोच आहे, मोनो ठेवलात तर मिनिटाला ५ एमबीच्या आसपास. एका एनएसएफमध्ये अनेक गाणी नंबराने असतात, मध्येच उडी मारल्याचे वगैरे आवाजही असतात, तेव्हा प्रत्येक नंबर ऐकून नाव द्या. वेव्हवरून ऑडॅसिटीत एमपी३ काढा. बिटरेट फार खाली नेऊ नका, चौकोनी लहरींची धार आधी बोथट होते. वेव्ह मात्र पुसू नका, किंवा फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान होणारी फाईल) करून ठेवा.