साताऱ्यातल्या जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या का बसवत नाहीत?

तांत्रिक अडचण आहे, पण खरी गाठ मालकीची आहे. वनकुसवडे पठारावरची जुनी यंत्रं साधारण ३५० किलोवॉटची. आज एकच यंत्र २-३ मेगावॉटचं येतं. पात्यांचा व्यास दुप्पट झाला की वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं, शिवाय उंचावर वाराही जास्त.

पण मोठ्या यंत्रांमध्ये व्यासाच्या ५ ते ७ पट अंतर सोडावं लागतं. म्हणजे एका नव्यासाठी अनेक जुनी काढायची, आणि ती वेगवेगळ्या मालकांची! त्या काळी वेगवान घसाऱ्यावर (यंत्राची बरीचशी किंमत सुरुवातीच्या वर्षांतच खर्च म्हणून दाखवण्यावर) आयकरात भरघोस सवलत होती, म्हणून वाऱ्याशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही एकेक-दोनदोन यंत्रं घेतली. त्यांना एकत्र बसवणार कोण? २००३ च्या दरानुसार (युनिटला ३.५० रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ) वीजविक्रीचे करार १३ वर्षांचे होते. ते संपल्यावर पूर्वीच्या दराची हमी उरत नाही, मग बँकही हात आखडते.

त्यात ६० मीटरचं पातं घाटाच्या वळणावर वळत नाही, वीज उपकेंद्राची क्षमता वाढवावी लागते आणि शेजारी कोयना अभयारण्य आहे. माझ्या मते सरकारने आधी मालकांचे गट करून सामायिक वाट्याचा नमुना करार द्यावा.