बिगक्वेरीची पायथन लायब्ररी २.३४ वरून ३ वर गेली, स्क्रिप्ट एररशिवाय चालतेय. मग तसंच सोडून देऊ का?

नका सोडू. एरर आली नाही, हीच इथे काळजीची गोष्ट आहे.

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन खरेदी करणाऱ्या कंपनीत आहात आणि संगणकाचं सगळं एकट्याने बघता. काट्यावरची नोंद बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जाते. संध्याकाळी एक पायथन स्क्रिप्ट दिवसाची खरेदी ओढते, पट्टीनिहाय (म्हणजे प्रत्येक सौद्याच्या पावतीनुसार) सीएसव्ही काढते आणि ती अकाउंटवाल्यांकडे जाते. जुन्या मशीनवर लायब्ररी २.३४ होती. नवीन मशीन आलं, पायथनची पॅकेजं आणणाऱ्या पिपने थेट ३ ची आवृत्ती ओढली. दोन्हीकडे दिवसाची बेरीज जुळते, म्हणून तुम्हाला वाटतंय की झालं काम.

मी जालन्यात बियाण्यांच्या डेटाचं काम करतो, आमच्याकडेही हीच लायब्ररी आहे. तुम्ही दिलेला कोड मी नीट वाचला. त्यात एक ओळ आहे: पट्टी नंबर मजकुरात बदलायचा आणि शेवटची दोन अक्षरं कापायची. ती ओळ कुणी का लिहिली असेल, हे सहज कळतं. आवक नोंदवली पण सौदा झालेला नाही, अशा मालाला पट्टी नंबर नसतो, म्हणजे त्या रकान्यात नल (रिकामी नोंद) असतो. आवृत्ती २ मध्ये अशा पूर्णांकांच्या रकान्यात एक जरी नल आला, तरी डेटाफ्रेममध्ये (पायथनच्या पँडास लायब्ररीतला तक्ता) अख्खा रकाना दशांशाचा व्हायचा, कारण पँडास ज्यावर उभी आहे त्या नमपायच्या साध्या पूर्णांकात रिकामी जागा दाखवायची सोयच नाही. मग ४८२१३ चं ४८२१३.० दिसायचं. शेवटचं टिंब आणि शून्य काढायला कुणीतरी दोन अक्षरं कापली, काम भागलं.

मार्च २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती ३ ने हे बदललं. आता पूर्णांकाचा रकाना पँडासच्या रिकाम्या जागा चालणाऱ्या पूर्णांक प्रकारात येतो, तोच तो मोठ्या आय अक्षराने लिहितात तो इंट६४. नल असला तरी ४८२१३ हा ४८२१३ च राहतो. सुधारणा चांगलीच आहे. पण तुमची कात्री तिथेच आहे, ती आता ४८२१३ मधले १३ कापते. उरतो ४८२. म्हणजे ४८२०० पासून ४८२९९ पर्यंतच्या शंभर पट्ट्यांचा नंबर एकच झाला, आणि पुढे तुम्ही पट्टीनिहाय गट करता तिथे शंभर शेतकऱ्यांचे कट्टे एका ओळीत जमा झाले. दिवसाची बेरीज मात्र पैशापर्यंत जुळणार, कारण माल कुठे गेलाच नाही, फक्त नावं मिसळली. म्हणून बेरीज जुळली यावर समाधान मानू नका. सीएसव्हीतल्या ओळी मोजा.

आणखी एक. ज्या दिवशी सगळ्या मालाचे सौदे झाले आणि एकही पट्टी रिकामी नव्हती, त्या दिवशी हाच घोळ २.३४ वरही झाला असणार, कारण नल नसेल तर जुनी आवृत्तीही साधा पूर्णांकच द्यायची. हंगाम संपता संपताच्या, कमी आवकेच्या दिवसांतल्या जुन्या फाइली काढून बघा. तीन आकडी पट्टी नंबर सापडले तर अकाउंटवाल्यांना आजच सांगा, पुढच्या वर्षाच्या ऑडिटची वाट बघू नका.

कापायची ओळ काढून टाका. मजकूरच हवा असेल तर आधी रकाना स्पष्टपणे इंट६४ करा आणि मग मजकूर करा. रिकाम्या जागेचं चिन्हही बदललंय: आधी नॅन होतं, आता पँडासचं स्वतःचं एनए आहे. नॅन स्वतःशीच बरोबर नसतो या युक्तीवर कुणी इफ लिहिला असेल, तर तिथे एनए आल्यावर पायथन थांबतो आणि टाइपएरर देतो. हे बरंय, निदान ओरडून तरी सांगतो. पँडासचं इझना फंक्शन वापरा, दोन्हीकडे चालतं. खरे-खोटेचे रकाने, तुमच्याकडे ‘ओलावा तपासला’ असा एक दिसतोय, तेही आता एनए चालणाऱ्या बूलियन प्रकारात येतात.

तारखांचं वेगळं दुखणं आहे. आधी डेट रकान्यात पायथनच्या तारखा ऑब्जेक्ट म्हणून यायच्या. आता डीबी-डीटाइप्स नावाच्या वेगळ्या पॅकेजमधला डीबीडेट प्रकार येतो, आणि डेटाफ्रेम मागताना तारीख ऑब्जेक्ट म्हणून द्या असं सांगणारा जुना पर्याय काढूनच टाकलाय. तो तुमच्या कोडमध्ये नाही, हे नशीब. पण बाजारभावाच्या एक्सेलशी तुम्ही तारखेवर जोड लावता, तिथे दोन्ही बाजू आधी डेटटाइममध्ये आणा. नाहीतर जोड बसेल की नाही, हे एक्सेल कशी वाचली गेली त्यावर राहील.

आता तपासायचं कसं. जुन्या मशीनवर किंवा वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये २.३४ तशीच ठेवा, दुसऱ्यात ३. मागच्या हंगामातला एक भरगच्च दिवस आणि एक रिकामासा दिवस घ्या, दोन्हीकडे तीच क्वेरी चालवा. डेटाफ्रेम आल्या आल्या रकान्यांचे प्रकार छापा, कुठलीही प्रक्रिया करायच्या आत. निम्मी गोष्ट तिथेच कळते. मग शेवटच्या दोन सीएसव्ही विंडोजच्या एफसी कमांडने समोरासमोर ठेवा. क्वेरीत आजची तारीख देणारं फंक्शन नको, तारीख हाताने लिहा. क्वेरी अक्षरशः तीच असेल, सर्व्हिस अकाउंट (स्क्रिप्ट ज्या खात्याने लॉगिन करते ते) तेच असेल आणि टेबल मधल्या काळात बदललं नसेल, तर दुसऱ्यांदा निकाल साधारण २४ तास कॅशमधून मिळतो आणि त्या स्कॅनचे पैसे लागत नाहीत. क्वेरीत लिमिट १०० लावून, म्हणजे शंभरच ओळी मागून, पैसे वाचतात असा अनेकांचा समज असतो. साध्या टेबलवर वाचत नाहीत, स्कॅन पूर्णच होतो. टेबल तारखेवर पार्टिशन केलेलं, म्हणजे तारखेनुसार तुकड्यांत ठेवलेलं असेल तर तारखेची अट मात्र खरंच वाचवते.

तुम्ही शेवटी विचारलंय की ऑफिसच्या दुसऱ्या, जुन्या पीसीवर इन्स्टॉलच होत नाही. तिथे पायथन ३२ बिटचा आहे का बघा. डेटाफ्रेम बनवायला लागणाऱ्या पायअ‍ॅरोचं तयार पॅकेज विंडोजवर ६४ बिटसाठीच मिळतं. ३२ बिटवर पिप ते सोर्समधून बांधायला बसतो आणि पानभर लाल अक्षरं ओकतो. ६४ बिटचा पायथन टाका, प्रश्न मिटला. पिप फार जुना असेल तर आधी तो अपडेट करा. पायअ‍ॅरोबद्दल एक गंमत: आवृत्ती ३ आली तेव्हा तो आणि बिगक्वेरी स्टोरेजची लायब्ररी सक्तीची केली होती, पुढच्या ३ च्या आवृत्त्यांत दोन्ही पुन्हा ऐच्छिक झाल्या. म्हणून आता इन्स्टॉल करताना पँडास आणि बीक्यूस्टोरेज ही दोन्ही एक्स्ट्रा चौकटी कंसात स्पष्ट लिहा. नुसतं नाव लिहून इन्स्टॉल केलं तर क्वेरी चालते आणि डेटाफ्रेम मागितला की अडते.

स्टोरेजची लायब्ररी असली की डेटा जुन्या रेस्टच्या वाटेने न येता स्टोरेज एपीआयने येतो. वेग बराच वाढतो, पण त्याला वेगळी परवानगी लागते. सर्व्हिस अकाउंटला फक्त डेटा व्ह्यूअर आणि जॉब यूजर या भूमिका दिल्या असतील तर ४०३ येईल आणि संदेशात रीडसेशन्स क्रिएट असं दिसेल. त्या प्रोजेक्टवर बिगक्वेरी रीड सेशन यूजर ही भूमिका जोडा. ती देणारा माणूस पुण्यात बसत असेल आणि फोन उचलत नसेल, तर तोपर्यंत डेटाफ्रेम मागताना स्टोरेज क्लायंट बनवायचा पर्याय (create_bqstorage_client) फॉल्स करा. मोंढ्याच्या एका दिवसाच्या ओळी रेस्टने आल्या तरी काही बिघडत नाही.

प्रोटोबफ या गूगलच्या लायब्रऱ्यांना लागणाऱ्या पॅकेजवरून ‘डिस्क्रिप्टर थेट बनवता येत नाही’ अशी तक्रार आली, तर दोष बहुतेक बिगक्वेरीचा नसतो. दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या लायब्ररीत जुन्या प्रोटोकने (प्रोटोबफचा कोड तयार करणारं साधन) बनवलेला कोड असतो आणि इकडे प्रोटोबफ मात्र आवृत्ती ४ वर गेलेलं असतं. ती लायब्ररी वर आणा. तेवढ्यापुरतं प्रोटोबफ ३.२० वर अडकवून ठेवलं तरी चालतं, पण फाइलीत शेजारी का ते लिहून ठेवा.

सगळं जुळलं की रिक्वायरमेंट्स फाइलीत, म्हणजे पिपला दिलेल्या पॅकेजांच्या यादीत, पूर्ण आवृत्त्या लिहा. नुसती नावं लिहिलेल्या फाइलीमुळेच नवीन मशीनने तुम्हाला न विचारता ३ ओढली. हे सगळं पोळ्याच्या आत उरकून घ्या. दसऱ्यानंतर मोंढ्यात नवीन सोयाबीन यायला लागलं की तुम्हाला सीएसव्ही उघडून बघायलाही वेळ मिळणार नाही. जुनं एन्व्हायर्नमेंट लगेच पुसू नका, दिवाळीपर्यंत राहू द्या. टास्क शेड्यूलरमध्ये पाथ बदलला की दोन मिनिटांत मागे जाता येतं.

४०३ आलाच तर पूर्ण संदेश इथे टाका, फक्त प्रोजेक्टचं नाव आणि सर्व्हिस अकाउंटचा ईमेल खोडून.