कोल्हापुरात नवीन आहोत, गल्लीतली मुलं ‘टेंबलाईच्या जत्रे’ची वर्गणी मागतायत. आम्ही शाकाहारी आहोत. द्यावी का? आणि आषाढासारख्या महिन्यात मटण कसं काय?

वर्गणी बिनधास्त द्या. देतानाच ‘मटणाचा आमचा वाटा नको’ एवढं सांगून ठेवा, कुणालाही राग येणार नाही. उलट तो वाटा कुणाला द्यायचा यावर तिथंच दोघांची हुज्जत सुरू होईल.

ही जत्रा गल्लीची आणि तालमीची असते, देवस्थानाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत शोधत बसू नका. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक गल्ली, पेठ, मंडळ आपापला वार धरतं. पावसानं पंचगंगेला नवं पाणी आलेलं असतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं ते गढूळ तांबडं पाणी घागरीत भरायचं, घागरीला हळद-कुंकू लावायचं, तोंडात लिंबाचा डहाळा खोचायचा आणि पोरीबाळींच्या, बायकांच्या डोक्यावरून वाजतगाजत शहराच्या पूर्वेला टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं. तिथं देवळाच्या पायऱ्यांवर ते ओतायचं. पुढं ‘पी ढबाक’, म्हणजे इथलं पारंपरिक वाद्य, पाहिजेच. हल्ली काही मंडळं त्याजागी साऊंड सिस्टीम लावतात. माझं मत विचाराल तर पी ढबाक नसेल तर घागरी नुसत्याच मिरवल्यासारख्या वाटतात.

टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली, अंबाबाईची बहीण. अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुर राक्षसाचा मुलगा कामाक्ष. त्यानं कपिल मुनींचा योगदंड मिळवून देवांनाच शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं युक्तीनं तो दंड काढून घेतला नि देव सोडवले. विजयाच्या सोहळ्याचं आवतण मात्र नेमकं तिलाच द्यायचं राहिलं. ती रुसली आणि गावाबाहेर टेकडीवर पाठ फिरवून बसली. मग अंबाबाईच समजूत काढायला गेली, असं सांगतात. म्हणून नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या भेटीला जाते. कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडतात, तो कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून. त्याचा तुकडा मिळवायला जी झुंबड उडते ती एकदा बघाच, फक्त चप्पल घरी ठेवून जा.

आता मटणाचं. त्याच टेकडीवर मरगाई आहे. मरगाई म्हणजे साथीच्या रोगांची देवी. पावसाळ्यात पटकी-बिटकीची भीती असायची त्या काळात तिला राजी ठेवायचं म्हणजे बळी आलाच, आणि पुढं श्रावण लागला की महिनाभर बंद. तुम्हाला यात विसंगती वाटते, इथल्या माणसाला वाटत नाही. आषाढी एकादशीला दिंडीबरोबर नंदवाळला, म्हणजे इथल्या प्रतिपंढरपूरला, पायी जाणारा, दिवसभर उपास करणारा माणूसच शुक्रवारी चुलीपाशी तांबड्या रश्श्याची चव बघत उभा असतो.

वाटे घालताना मात्र लांबून का होईना थांबून बघा. ताडपत्री अंथरलेली असते, जेवढ्या घरांची वर्गणी तेवढे ढीग. एकजण नुसता तराजू धरतो, दुसरा प्रत्येक ढिगावर काळजाचा तुकडा, एखादी नळी, थोडी चरबी टाकत जातो. कुणाला जास्त, कुणाला कमी झालं तर पुढच्या आषाढापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. मुंडी-पायांचा लिलाव वेगळा, आणि आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज त्यालाच चढतो. कामाच्या दिवशी दुपारनंतर साहेब जागेवर सापडत नसतील तर कारण हेच.

शाकाहारी घरं आमच्या गल्लीतही आहेत. ती घागर घेऊन जातात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, नारळ वाढवतात. घरी कापण्या तळतात, त्या आषाढात तळायच्याच असतात. तुमच्या घरात मुलगी असेल तर मंडळवाले घागरीसाठी तिलाच विचारतील, पाठवा. पाणी भरायला सकाळी लवकर जाल तर पंचगंगा घाटावर गर्दी कमी असते. पूर चढलेला असेल तर मात्र काठावरच्या पायऱ्यांवर उतरू देऊ नका, तिथल्या माणसाकडून घागर भरून घ्या.