वेल्समधल्या अँगलसी परगण्याचा इतिहास थोडक्यात कसा सांगता येईल?

मी दोन वर्षं बँगोरला शिकायला होतो. समोरच अँगलसी बेट. वेल्श लोक त्याला अनिस मोन म्हणतात. मधे मेनाईची अरुंद सामुद्रधुनी. अरुंद असली तरी फसवी: भरती दोन्ही तोंडांनी आत शिरते आणि दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे मधल्या खडकांपाशी पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं. तुम्ही परगण्याचा सगळा इतिहास विचारलाय. माझ्या मते तो या पाण्याकडे बघतच वाचावा.

बेटावर वस्ती फार जुनी. ब्रिन केली दी इथली दगडी समाधी सुमारे ५००० वर्षांपूर्वीची आहे. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण तिच्या बोळातून थेट आतल्या दालनात पोचतो.

इ. स. ६०-६१ च्या सुमारास रोमन आले. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ते वर्णन लिहून ठेवलंय: पायदळ सपाट तळाच्या होड्यांतून, घोडेस्वार उथळ पाण्यातून किंवा पोहत. पलीकडे काठावर हात उंचावून शाप देणारे ड्रुइड पुरोहित आणि मशाली घेतलेल्या, काळे कपडे घातलेल्या बायका. सैनिक आधी थिजले, मग तुटून पडले. पवित्र राया तोडल्या गेल्या.

त्या जुन्या जगाची एक वस्तू मला सगळ्यांत जास्त हलवून गेली. १९४२ साली विमानतळ बांधताना लिन केरिग बाख नावाच्या तळ्याच्या दलदलीतून माती काढत होते. त्यात एक लोखंडी साखळी सापडली. कामगारांनी ती चिखलात रुतलेलं वाहन ओढायला वापरली, आणि ती तुटली नाही! नंतर कळलं की ती सुमारे २००० वर्षांपूर्वीची, माणसांच्या गळ्यात घालायची साखळी आहे. पाच कड्या, म्हणजे एका ओळीत पाच माणसं. तलवारी, रथांचे भाग अशा दीडशेच्या वर वस्तू त्या तळ्यात निघाल्या. देवाला वाहून पाण्यात सोडलेल्या असाव्यात.

रोमन गेल्यावर बेटावरचं अबेरफ्राउ हे ग्विनेड या वायव्य वेल्समधल्या राज्याच्या राजांची राजधानी झालं. आज ते लहानसं गाव आहे. १२८२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी सामुद्रधुनीवर होड्यांचा पूल बांधला. बेटावरून पलीकडे, मुख्य भूमीवर उतरलेल्या फौजेला वेल्श लोकांनी मागे रेटलं आणि कितीतरी जण बुडाले. पण महिन्याभरातच वेल्सचा राजपुत्र लुवेलिन मारला गेला. १२८४ मध्ये अँगलसी परगणा कागदावर आला. १२९४ च्या वेल्श बंडानंतर इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने बोमारिसचा किल्ला उभारायला घेतला आणि शेजारच्या गावातली वेल्श वस्ती उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेली. किल्ला आखणीत इतका रेखीव, की बघत राहावं, पण पैसे संपले आणि तो अपुराच राहिला. तिथल्या तटावरून फिरताना मला किल्ल्यापेक्षा त्या उठवलेल्या घरांचीच आठवण येत राहिली.

मग तांबं. १७६८ मध्ये बेटाच्या उत्तरेला पॅरिस नावाच्या डोंगरात (फ्रान्सशी संबंध नाही) मोठा साठा लागला आणि काही वर्षांत ती युरोपातली सर्वांत मोठी तांब्याची खाण झाली. लाकडी जहाजांच्या तळाला पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला ब्रिटिश आरमार तांब्याचे पत्रे ठोकत असे, त्यामुळे मागणी अफाट. बायका हातोडीने खनिज फोडत बसायच्या. १७८७ पासून खाणीची स्वतःची नाणी निघाली, आणि त्यांवर चेहरा कोणाचा? ड्रुइडाचा. डोंगराची पोखरलेली, केशरी-जांभळी कुशी आजही उघडी आहे.

तोपर्यंत बेटावरची गुरं बाजाराला न्यायची तर पाण्यातून पोहवत न्यावी लागत. काही वाटेत वाहून जात. १८२६ मध्ये टेलफर्ड या अभियंत्याचा झुलता पूल झाला, १७६ मीटरचा गाळा, खालून शिडाची जहाजं जावीत इतका उंच. १८५० मध्ये रेल्वेचा पूलही आला; त्यावर नंतर मोटारींचा रस्ताही झाला. १९७४ मध्ये परगणा ग्विनेड याच नावाच्या नव्या मोठ्या परगण्यात विलीन केला, १९९६ मध्ये पुन्हा वेगळा झाला. बेटावर निम्म्याहून जास्त लोक अजून वेल्श बोलतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलफर्डचा पूल दुरुस्तीसाठी अचानक बंद झाला आणि फेब्रुवारीपर्यंत सगळी वाहतूक दुसऱ्या पुलावर आली. जाणार असाल तर भरती बदलताना त्या जुन्या पुलावर मध्यावर उभे राहा आणि खाली बघा.